अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक : पैसा कोणाचा, पडदा कोणाचा?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्याकडेही एक आकडा फिरायला लागतो. इतके अब्ज डॉलर खर्च झाले, जगातली सगळ्यात महागडी निवडणूक, वगैरे. पण हा पैसा नेमका जातो कुठे, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे आता पाकिटं वाटली जात नाहीत, कुकर-साड्या वाटल्या जात नाहीत. मग एवढ्या पैशाचं करतात तरी काय?

उत्तर सरळ आहे. त्यातला सगळ्यात मोठा वाटा मतदाराच्या डोळ्यांसमोर आणि कानांवर येण्यासाठी खर्च होतो. आधी छापील पत्रकं होती, मग रेडिओ आला, मग टीव्ही, आता मोबाइल. म्हणजे प्रचाराचा पैसा शेवटी बऱ्याच अंशी माध्यमांच्या गल्ल्यात जाऊन पडतो. आणि हा पैसा आला कुठून, याचा शोधही याच माध्यमांनी घ्यावा अशी आपली अपेक्षा असते. ही गाठ एका दिवसात पडलेली नाही. सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

१८९६ : ओसरीवरचा उमेदवार

सुरुवात १८९६ पासून करू. देशात १८९३ पासून मंदी होती. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते विल्यम मॅकिन्ली. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय अवघं ३६. वाद होता चलनाचा. नाणं फक्त सोन्याच्या आधारावर चालवायचं की चांदीही घ्यायची? कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना चांदी हवी होती, कारण बाजारात पैसा वाढला की कर्जाचं ओझं हलकं होणार. बँकवाले आणि कारखानदार मात्र या कल्पनेने हादरले होते.

मॅकिन्लींचा प्रचार सांभाळत होते क्लीव्हलंडचे उद्योगपती मार्क हॅना. त्यांनी देणगी मागायची पद्धतच बदलून टाकली. तोपर्यंत पक्षाला पैसा मिळायचा तो सरकारी नोकरी मिळवून दिलेल्या माणसांकडून, नाहीतर धनिकांच्या मर्जीवर. हॅनांनी चक्क कर आकारावा तशी आकारणी केली. बँकांनी आपल्या भांडवलाच्या पाव टक्का द्यावा, असा हिशेबच मांडला. एकट्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने अडीच लाख डॉलर दिले. जमलेला निधी किमान ३५ लाख डॉलरचा होता. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती, आणि ब्रायन यांच्याकडे तिचा लहानसा हिस्साही नव्हता.

मग ब्रायन काय करणार? ते रेल्वेत बसले. जवळपास १८ हजार मैल फिरले, सहाशेच्या आसपास भाषणं केली. मॅकिन्ली मात्र ओहायोतल्या कँटन गावातलं आपलं घर सोडून कुठे गेलेच नाहीत. लोकच त्यांच्याकडे आले. रेल्वे कंपन्यांनी कँटनला जायचं भाडं कमी केलं आणि गाड्या भरभरून माणसं आली. एकूण साडेसात लाख आली असं सांगतात. मॅकिन्ली घराच्या ओसरीवर उभे राहून त्यांच्याशी बोलायचे. आलेल्या मंडळाचा पुढारी काय बोलणार, हेही आधी मागवून तपासलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापायला तयार, नीटनेटकी बातमी! हॅनांच्या पैशातून कोट्यवधी पत्रकं छापली गेली, तीही जर्मन, स्वीडिश, इटालियन अशा स्थलांतरितांच्या भाषांमध्ये.

आता वर्तमानपत्रांचं बघा. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतली बहुतेक पत्रं ब्रायन यांच्या विरोधात गेली, अगदी डेमोक्रॅटिक पक्षाची म्हणवणारीसुद्धा. न्यू यॉर्कमध्ये ठळक अपवाद होता विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या ‘जर्नल’चा. त्यांच्या व्यंगचित्रकाराने, होमर डेव्हनपोर्ट यांनी, हॅनांना असा कोट चढवला की त्यावर सगळीकडे डॉलरची चिन्हं. ते चित्र हॅनांना आयुष्यभर चिकटलं. पण हे चित्र छापणारे हर्स्ट काही गरीब पत्रकार नव्हते. खाणींच्या पैशावर उभ्या असलेल्या घराण्यातले गडगंज मालक होते, आणि ब्रायन यांच्यासाठी वाचकांनी दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्यांनी स्वतःचा एक डॉलर घातला होता. म्हणजे एका धनिकाचा पैसा उघडा पाडायला दुसऱ्या धनिकाचं वर्तमानपत्र लागलं.

मॅकिन्ली जिंकले. ते केवळ पैशामुळे जिंकले असं म्हणणं धाडसाचं होईल. शहरी कामगारालाही चांदीची भीती वाटत होती. पण पुढच्या प्रत्येक निवडणुकीचा साचा इथे ठरला.

विमाधारकांचा पैसा

१९०५ साली न्यू यॉर्कमध्ये विमा कंपन्यांच्या कारभाराची चौकशी झाली. तिच्यात उघड झालं की कंपन्यांनी रिपब्लिकन प्रचाराला मोठ्या देणग्या दिल्या होत्या. आणि तो पैसा कुणाचा? विमाधारकांचा. ज्याने डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिलं, त्याच्या हप्त्यातूनही रिपब्लिकन पक्षाला देणगी गेली होती. लोक चिडले. १९०७ मध्ये टिलमन कायदा झाला आणि कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीत देणगी देण्यावर बंदी आली.

कायदा झाला, पण तो राबवणारी यंत्रणाच उभी केली नाही. कंपनी देणार नाही म्हटल्यावर कंपनीचे संचालक स्वतःच्या नावावर द्यायला लागले. १९२५ मध्ये आणखी एक कायदा आला, त्याचीही तीच गत.

१९५२ : एका कुत्र्याची गोष्ट

पुढे रेडिओचं युग आलं आणि गेलं, ते इथे सोडून देतो. १९५२ साली अमेरिकेतल्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या घरांत टीव्ही आला होता. रिपब्लिकन उमेदवार होते दुसऱ्या महायुद्धाचे सेनापती ड्वाइट आयझेनहॉवर, आणि उपाध्यक्षपदासाठी ३९ वर्षांचे रिचर्ड निक्सन.

आयझेनहॉवर यांच्या जाहिराती केल्या रॉसर रीव्हज यांनी. हे गृहस्थ डोकेदुखीच्या गोळ्या आणि चॉकलेटच्या जाहिराती करत. त्यांचं म्हणणं होतं की तासभराचं भाषण कुणी लक्षात ठेवत नाही, वीस सेकंदात एक मुद्दा सांगा. एका दिवसात स्टुडिओत बसवून सेनापतींकडून चाळीस उत्तरं वदवून घेतली. प्रश्न विचारणारे ‘सामान्य नागरिक’ नंतर न्यू यॉर्कमध्ये फिरायला आलेल्या पर्यटकांतून निवडले आणि वेगळे चित्रित केले. दोन्ही जोडलं. बघणाऱ्याला वाटावं की समोरासमोर सवाल-जवाब चाललेत. म्हाताऱ्या सैनिकावर काय ही वेळ आली, असं आयझेनहॉवर स्वतःच त्या स्टुडिओत म्हणाले होते.

पण त्या वर्षीचा खरा प्रसंग निक्सन यांचा. १८ सप्टेंबरला ‘न्यू यॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की कॅलिफोर्नियातल्या श्रीमंतांनी निक्सन यांच्यासाठी एक निधी जमवून ठेवला आहे. रक्कम होती सुमारे १८ हजार डॉलर. रिपब्लिकन पक्षाचा प्रचारच मुळी ‘वॉशिंग्टनमधला भ्रष्टाचार साफ करू’ असा होता. त्यामुळे पंचाईत झाली. त्यांच्याच बाजूच्या ‘न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने निक्सन यांनी माघारीची तयारी दाखवावी असा अग्रलेख लिहिला. आयझेनहॉवर ना हो म्हणत होते ना नाही.

मग पक्षाने ७५ हजार डॉलर मोजून टीव्हीवरचा अर्धा तास विकत घेतला. २३ सप्टेंबरच्या रात्री निक्सन कॅमेऱ्यासमोर बसले आणि घरचा हिशेबच मांडला. घरावर कर्ज किती, आई-वडिलांकडून उसने किती, गाडी कोणती. बायकोकडे मिंकचा नव्हे, साधा कापडी कोट आहे, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, हो, एक भेट मात्र घेतली आहे. टेक्ससच्या एका माणसाने पाठवलेलं कुत्र्याचं पिल्लू. मुलींनी त्याचं नाव चेकर्स ठेवलंय, आणि कुणी काहीही म्हणो, ते आम्ही परत देणार नाही.

सहा कोटींच्या आसपास लोकांनी ते पाहिलं-ऐकलं. तारांचा आणि पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. निक्सन वाचले.

आता जरा आकडे शेजारी ठेवून बघा. आरोप होता १८ हजारांच्या निधीचा. तो धुऊन काढायला लागले ७५ हजार, म्हणजे चौपट. तो पैसा कुठून आला, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. शिवाय विकत घेतलेल्या वेळेत उलटप्रश्न विचारायला वार्ताहर नसतो. निक्सन यांनी हा धडा घेतला : वर्तमानपत्रांना वळसा घालून थेट लोकांच्या दिवाणखान्यात जाता येतं, फक्त वेळ विकत घ्यायची ऐपत पाहिजे.

१९६० मध्ये केनेडींबरोबरच्या वादसभांत मात्र याच टीव्हीने त्यांना दगा दिला. आजारपणातून उठलेले, उतरलेल्या चेहऱ्याचे निक्सन आणि उन्हाने रापलेले ताजेतवाने केनेडी. तो वेळ विकत घेतलेला नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढची सोळा वर्षं अध्यक्षपदाच्या उमेदवारांची एकही वादसभा झाली नाही.

१९७२ : पंचवीस हजारांचा धनादेश

१९७२ मध्ये निक्सन अध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा उभे होते. नवा कायदा आला होता आणि ७ एप्रिलपासून देणगीदारांची नावं जाहीर करावी लागणार होती. त्याआधीच्या आठवड्यांत निक्सन यांच्या समितीने देशभर पैसे गोळा करण्याची झुंबड उडवली. रोख रकमा ब्रीफकेसमधून आल्या. बंदी असलेल्या कंपन्यांनीही दिले. अमेरिकन एअरलाइन्सने ५५ हजार डॉलर बेकायदा दिल्याचं पुढे स्वतःच कबूल केलं. गुप्त देणगीदारांची यादी निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वूड्स यांच्याकडे होती. ती बाहेर आली निवडणूक होऊन गेल्यावर, कोर्टकचेरी करून. एकूण निधी सहा कोटी डॉलरच्या घरात गेला.

१७ जूनच्या पहाटे वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच माणसं पकडली गेली. घरफोडीची बातमी म्हणून ती विरूनही गेली असती. १ ऑगस्टला ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांची बातमी आली. निक्सन यांच्या प्रचारासाठी दिलेला २५ हजार डॉलरचा धनादेश त्या पकडलेल्यांपैकी एकाच्या, बर्नार्ड बार्कर यांच्या, मायामीतल्या बँक खात्यात जमा झाला होता. त्या धनादेशावर नाव होतं निक्सन यांच्यासाठी निधी गोळा करणारे केनेथ डालबर्ग यांचं. घरफोडे आणि अध्यक्षांची प्रचार समिती यांना जोडणारा धागा हा असा एका बँकेच्या कागदावर सापडला.

वॉटरगेट म्हटलं की आपल्याला चोरून ऐकणं, टेप्स आणि गुप्त खबऱ्या आठवतो. पण पैशाचा माग काढला म्हणून ते प्रकरण उलगडलं. मुळात ते निवडणूक निधीचंच प्रकरण होतं.

आणि बाकीची माध्यमं काय करत होती? त्या वर्षी ज्या दैनिकांनी अग्रलेखातून कुणाला पाठिंबा दिला, त्यांतली दहात नऊ निक्सन यांच्या बाजूची होती. सीबीएसच्या वॉल्टर क्रॉन्काइट यांनी ऑक्टोबरच्या शेवटी वॉटरगेटवर दोन भागांचं वृत्त केलं. पहिला भाग लागल्यावर व्हाइट हाऊसमधून कंपनीच्या मालकांना फोन गेला आणि दुसरा भाग कापून छोटा झाला. ‘पोस्ट’च्या मालकीची फ्लोरिडात टीव्ही स्टेशनं होती. त्यांच्या परवान्यांच्या नूतनीकरणाला आव्हानं दिली गेली, आणि देणाऱ्यांत निक्सन यांच्या ओळखीची मंडळी होती. वर्तमानपत्राचा गळा धरायचा तर त्याच्या टीव्हीच्या धंद्यावर हात ठेवायचा, हे गणित त्यांना पक्कं माहीत होतं. मालकीण कॅथरीन ग्रॅहम यांनी माघार घेतली नाही, हे त्यांचं मोठेपण. पण धोका खराच होता.

नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. बातमी खरी होती, छापलेली होती, तरी निकालावर तिचा परिणाम झाला नाही. राजीनामा आला तो ऑगस्ट १९७४ मध्ये.

सरकारी पैशाचा प्रयोग

त्याच वर्षी काँग्रेसने मोठी सुधारणा केली. एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत जास्तीत जास्त एक हजार डॉलर द्यायचे. हिशेब तपासायला स्वतंत्र निवडणूक आयोग. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अध्यक्षीय उमेदवाराला प्रचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून. करदात्याने विवरणपत्रावर एका चौकटीत खूण केली की त्याच्या भरलेल्या करातला एक डॉलर या निधीत जायचा. १९७६ मध्ये फोर्ड आणि कार्टर, दोघांनाही सारखेच २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. मुख्य निवडणुकीसाठी दोघांनीही खासगी देणगी घ्यायची नाही, ही अट. त्या वर्षी वादसभाही परत सुरू झाल्या.

हा प्रयोग फसला असं आज सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. १९७६ ते २००४, आठ निवडणुका, दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रत्येक उमेदवाराने मुख्य लढतीसाठी हा पैसा घेतला. रेगन यांनी घेतला, क्लिंटन यांनी घेतला, दोन्ही बुश यांनी घेतला. एक पिढीभर ही पद्धत चालली.

पण तिच्या पायाला सुरुंग आधीच लागला होता. जानेवारी १९७६ मध्ये, बकली विरुद्ध व्हालिओ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की देणगीवर मर्यादा घालता येईल, खर्चावर मात्र नाही. कारण प्रचारात पैसा खर्च करणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे. न्यायालयाचा युक्तिवादही माध्यमांवरच उभा होता : आजच्या काळात लोकांपर्यंत पोचायला रेडिओ-टीव्ही लागतो, त्याला पैसा लागतो, म्हणून खर्च रोखणं म्हणजे बोलणं रोखणं. स्वतःचा कितीही पैसा ओतायचीही मुभा मिळाली. १९९२ मध्ये अब्जाधीश रॉस पेरो यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाचा टीव्ही वेळ विकत घेतला, हातात तक्ते घेऊन देशाच्या कर्जावर बोलले आणि १९ टक्के मतं घेऊन गेले. याच मुभेवर आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत लढतीत स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घालून उतरले होते. तिसरे आले. पुढे ते काँग्रेसवर निवडून गेले, तो भाग वेगळा.

२००८ मध्ये ओबामांनी हिशेब केला. सरकारी निधी घेतला तर ८ कोटी ४१ लाखांवर थांबायचं. इंटरनेटवरून लहान देणगीदारांकडून येत होतं त्याच्या कितीतरी पट. त्यांनी सरकारी पैसा नाकारला. मॅकेन यांनी घेतला आणि जाहिरातींत मागे पडले. त्यानंतर कुठल्याही मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने मुख्य लढतीसाठी तो घेतलेला नाही. ज्यांच्याकडून सुधारणेची आशा होती त्यांनीच ही पद्धत मोडली, हे त्यांच्या चाहत्यांना आजही आवडत नाही. पण आहे ते आहे.

फुकटची बातमी

२०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड निकाल आला. कंपन्या आणि कामगार संघटनांना, उमेदवाराशी संगनमत न करता, स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मोकळीक मिळाली. त्यातून ‘सुपर पॅक’ जन्मले. इथे एक बारीक गोष्ट आहे. निवडणुकीच्या आधीच्या साठ दिवसांत उमेदवाराला टीव्ही स्टेशनने सगळ्यात कमी दराने वेळ द्यावा असा कायदा आहे. सुपर पॅकला तो लागू नाही. त्यांना बाजारभाव पडतो. म्हणजे बाहेरचा पैसा जितका जास्त, तितकी चुरशीच्या राज्यांतल्या स्टेशनांची कमाई जास्त. संध्याकाळच्या बातम्यांत या पैशावर टीका करायची, आणि मधल्या जाहिरातींत तोच पैसा घ्यायचा.

२०१६ मध्ये आणखी एक वळण आलं. जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने दहा कोटी डॉलरहून जास्त जमवले आणि ते फेब्रुवारीतच बाहेर पडले. ट्रम्प यांनी तोवर जाहिरातींवर खर्च केला होता सुमारे एक कोटी. पण त्यांना मिळालेल्या बातम्यांची किंमत जाहिरातीच्या दराने काढली, तर ती दोन अब्ज डॉलरच्या आसपास जाते, असा अंदाज त्या मार्चमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने छापला. सभा थेट दाखवल्या जात होत्या, फोनवरून मुलाखती घेतल्या जात होत्या. वाहिन्यांनी हे प्रेमापोटी केलं नाही. प्रेक्षक मिळत होते. सीबीएसचे प्रमुख लेस मूनव्हेस तर एका गुंतवणूकदार परिषदेत बोलून गेले की हे सगळं अमेरिकेसाठी चांगलं नसेलही, पण सीबीएससाठी फारच चांगलं आहे.

१९७४ च्या कायद्यात बातमी, अग्रलेख आणि भाष्य यांना खर्चाच्या व्याख्येतून वगळलं होतं. बरोबरच होतं ते. नाहीतर सरकारने संपादकांकडेच हिशेब मागितला असता. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र आणि वृत्तवाहिनी होती. २०२४ मध्ये एका मोठ्या समाजमाध्यमाचे मालक इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून जास्त घातले, आणि त्याच समाजमाध्यमावरून रोज प्रचारही केला. पैशाचा हिशेब आयोगाकडे आहे, कुणीही बघू शकतो. पण तो पडदा लोकांना काय दाखवत होता आणि काय खाली दाबत होता, याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची? हर्स्ट यांचं ‘जर्नल’ निदान विकत घेऊन वाचायला लागायचं, आणि आपण काय वाचतोय हे वाचणाऱ्याला माहीत असायचं.

या सगळ्याकडे बघून ‘पैसाच जिंकतो’ असं म्हणून हात झटकायची सवय आपल्याला आहे. ते खरं नाही. जेब बुश हरले. २०२० मध्ये मायकल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सुमारे एक अब्ज डॉलर घालूनही पदरात पडला तो फक्त अमेरिकन समोआ. १९७२ मध्ये एका धनादेशाने अध्यक्षाच्या पडझडीची सुरुवात केली. पण ती केली अशा वर्तमानपत्राने, ज्याच्या मालकिणीने परवाना जाण्याची जोखीम पत्करली होती.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही निवडणुकीच्या खर्चाचा आकडा समोर आला, तर दोन प्रश्न विचारा. पैसा आला कुणाकडून, हा पहिला. तो नेहमीचा आहे. दुसरा जास्त महत्त्वाचा : तो पैसा शेवटी गेला कुणाकडे, आणि ज्याच्याकडे गेला तोच आपल्याला ही बातमी देतोय का?

आपल्याकडचं काय, ते तुम्ही कमेंटमध्ये लिहालच. फक्त ऐकीव नको, आकडा आणि वर्ष घालून लिहा. आणि हे पटलं असेल तर पुढे पाठवा.